पायांचे बळ, पेट्रोलचे बळ

शेत गावापासून हाकेच्या अंतरावर. मधे एक ओढा, दोन-चार बांध आणि मारुतीचे देऊळ. तरी विहिरीवरचा पंप चालू करायला निघायचे म्हटले की पहिला हात जातो तो खुंटीवरच्या किल्लीकडे. भोकरदन असो की घनसावंगी, मंठा असो की बदनापूर, जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी सकाळी सातला पारावर जाऊन बसा; एकच देखावा दिसेल. फटफटी शिवाराकडे जाते, दहा मिनिटांत परत येते, तंबाखूची पुडी आणायला पुन्हा चौकात जाते. चौक कुठे, तर घरापासून दोनशे पावलांवर. बसणारा पस्तिशीचा, अंगापिंडाने चांगला. आणि त्याच रस्त्याच्या कडेने त्याची घरधनीण डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन पायी येत असते!

शेतकरी बंधू-भगिनींनो, गाडीला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. गाडीने खेड्याचे किती भले केले, हे आजारी माणूस बाजेवर घालून ज्याने चार कोस नेला असेल त्याला विचारावे. प्रश्न वेगळा आहे. कोणते काम पायाचे, कोणते बैलाचे, कोणते सायकलीचे आणि कोणते इंजिनाचे, याची एक वाटणी वाडवडिलांच्या वेळी गरजेने झाली होती. ती आता मोडली. नवी वाटणी आपण चार माणसांत बसून कधी ठरवलीच नाही. जी झाली, ती ज्याच्या हाती किल्ली त्याच्या सोयीने झाली. त्याचे जे परिणाम घरावर, खिशावर, अंगावर आणि रानावर झाले आहेत, त्यांचा हिशेब एकदा मांडायला हवा.

साडेपाच कोसांचा एकर

आधी जुना हिशेब पाहू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. बैलाच्या नांगराचा तास नऊ इंच रुंद धरला, तर एक एकर रान उलटायला नांगऱ्याला ५८ हजार फूट चालावे लागते. म्हणजे बरोबर ११ मैल, साडेपाच कोस. वखराची पास वीस इंचांची धरली तर एका पाळीला पाच मैल पडतात. तिफणीने फुटाफुटावर तीन ओळी पेरल्या तर पावणेतीन मैल. एक नांगरट, वखराच्या दोन पाळ्या आणि एक पेरणी, एवढेच धरले तरी एकरामागे २४ मैलांच्या आसपास चाल होते. पाच एकरवाल्याची १२० मैल, म्हणजे सुमारे १९० किलोमीटर. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला पायी जावे, परत यावे आणि पुन्हा एकदा जावे, एवढी ही चाल झाली. तीही ढेकळांतून, रुमणे दाबून धरीत. कोळपणी, खळे, बाजार यांची चाल यात धरलेलीच नाही.

आजोबांना व्यायाम कर म्हणून सांगायला कोणी डॉक्टर लागला नाही, याचे कारण या आकड्यांत आहे. पण त्याचबरोबर हेही खरे, की आजोबा साठीत वाकले, टाचा भेगाळल्या, आणि पाऊस एक दिवस आधी आला तर अर्धे रान नांगराविना राहिले. त्या दिवसांचे गोडवे गाणारे बहुतेक लोक औताच्या मागे कधी चाललेले नसतात.

अंबडहून जालना पंचवीस-तीस किलोमीटर. भरल्या गाडीला बैलाच्या चालीने रात्रभराची वाट. कापूस, ज्वारी, करडई घेऊन गाड्या दिवेलागणीला सुटत आणि उजाडता मोंढ्यात पोचत. १९०० सालच्या सुमारास मनमाडहून निजामाच्या मुलखात जाणारी छोटी रेल्वे जालन्यावरून गेली आणि आधीच नावाजलेली ही पेठ आणखी भरभराटीला आली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण ऐकतच आलो आहोत. पण त्या पाळण्याची दोरी बराच काळ बैलांनीच ओढली. आगगाडी स्टेशनावर थांबे, पुढचे सगळे बैलाच्या मानेवर.

पुढे एसटी आली. महाराष्ट्रात पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला धावली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. पण एसटी गावात यायची तर आधी रस्ता हवा. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते १९७२ च्या दुष्काळात झाले. ज्यांच्या घरात दाणा नव्हता, अशा बायाबापड्यांनी उन्हात खडी फोडली, पाट्या वाहिल्या, तेव्हा कुठे मुरमाचे रस्ते गावाच्या वेशीला लागले. आज ज्या वाटेवरून आपण गिअर बदलत जातो, तिच्याखाली पायी चालणाऱ्यांचा घाम आहे. १ मे १९८१ ला औरंगाबादेतून तोडून जालना वेगळा जिल्हा झाला. परभणीचे परतूर त्यात आले. जिल्ह्याची कचेरी जवळ आली, तशी कचेरीच्या खेपाही वाढल्या आणि घरोघरी दुचाकीची गरज वाटू लागली.

आणि आता समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचे शेवटचे तुकडे जोडले जाऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. तो आपल्या बदनापूर आणि जालना तालुक्यांच्या शिवारातून जातो. गंमत अशी, की ज्यांच्या रानातून तो गेला त्यांच्या बैलगाडीला त्यावर मज्जाव आहे, आणि फटफटीलाही आहे. मोटार किंवा ट्रक असेल तर या, नाहीतर खालच्या बोगद्यातून पलीकडे जा. रस्ता कितीही मोठा झाला तरी शेतकऱ्याचे रोजचे जाणे-येणे बांधावरून आणि पाणंदीतूनच आहे, हे यावरून कळावे.

बैल गेला, तण राहिले

ट्रॅक्टरने खोल नांगरट स्वस्तात आणि वेळेवर होते, यात वाद नाही. चार बैली नांगर धरून पंधरा दिवस झटण्यापेक्षा एका दिवसात रान उलटून उन्हात तापायला टाकलेले बरे. म्हणून बैल कमी झाले. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातली गाय-वर्गातली नर जनावरे सुमारे ३० टक्क्यांनी घटली. गावोगावचे रिकामे गोठे पाहिले की आकडा खोटा वाटत नाही. वर्षभर खायला घालायचे आणि काम निघते दोन-अडीच महिन्यांचे, असे गणित मांडले तर बैलजोडी परवडत नाही, असेच उत्तर येते.

पण या गणितात काही रकमा धरायच्या राहून जातात. आपली जमीन काळी. पाऊस झाला की ट्रॅक्टर तीन-चार दिवस रानात घालता येत नाही. घातला तर चाकाखाली माती दबून टणक होते आणि कधी ट्रॅक्टरच रुततो. वाफसा आला न आला तोच हलके कोळपे घेऊन बैल आधी आत जाऊ शकतात. कपाशी कमरेला लागली की ओळींतून मोठे इंजिन फिरत नाही. तेव्हा मग तणनाशक फवारा, नाहीतर निंदायला मजूर लावा. मजूर मिळत नाहीत म्हणून तणनाशक, असा क्रम लागतो. बैल विकल्याने वाचलेल्या कडब्याच्या पैशांतून तणनाशकाच्या बाटल्या, निंदणीची मजुरी आणि शेणखताची ट्रॉली यांचा खर्च वजा करून पाहा. किती उरते, ते ज्याच्या त्याच्या वहीत निघेल.

आमचे मत विचाराल तर दोन-चार एकरवाल्या प्रत्येकाने दावणीला जोडी बांधावी, असे आम्ही सांगणार नाही. ते आता होणारही नाही. पण भावकीतल्या चार घरांत मिळून एक जोडी राहू शकते. सावड आपल्याला नवी नाही. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल आणि तिसऱ्याचे औत, असे करूनच वाडवडिलांनी शेती केली. खोल नांगरट ट्रॅक्टरची, कोळपणी आणि गावातली ओढ बैलांची, अशी वाटणी धरली तर दोघांनाही पुरते काम मिळते. अडचण एकच येते आणि ती खरी आहे. औत हाकता येणारा गडी चाळिशीच्या आत फार थोडा सापडतो. सरळ तास धरणे, मुडपणीला बैल वळवणे, कोळप्याची पास रोपाला न लागू देणे, हे हातातले कसब आहे. ते पुस्तकात नाही. ज्याच्या घरी अजून म्हातारा जाणता आहे, त्याने पोराला या पावसाळ्यात चार दिवस त्याच्या हाताखाली द्यावे. पुढे बैल ठेवायचे की नाही ते पोराने ठरवावे, पण हात तर बसलेला असावा.

दोन क्विंटल कापूस टाकीत

आता फटफटीकडे वळू. साधी शंभर सीसीची गाडी, लिटरला पन्नास किलोमीटर देणारी. रोजचे फिरणे वीस किलोमीटर धरा. शेताच्या चार खेपा, चौकाच्या दोन, पाहुण्याला सोडणे, शेजारच्या गावचे दुकान. वीस किलोमीटर सहज होतात, मोजून पाहा. पेट्रोल शंभराच्या वर गेले आहे, हिशेबाला शंभरच धरू. दिवसाला ४० रुपये, वर्षाला १४,६००. यात ऑईल, टायर, विमा, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. म्हणजे हमीभाव पदरात पडला तरी जवळपास दोन क्विंटल कापूस सरळ टाकीत ओतला. कोरडवाहू कपाशीत दोन क्विंटल म्हणजे अर्ध्या एकराचे पीक. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा, थेंबाथेंबाने. एकदम दिसत नाही.

यातले जाणे सगळेच वायफळ नसते. बँकेत, तालुक्याला, कृषी केंद्रात, दवाखान्यात जायला गाडी हवीच. भाजीची चार कॅरेट किंवा दुधाचे कॅन पायी नेता येत नाहीत. पण त्या वीस किलोमीटरांतली निम्मी चाल एका कोसाच्या आतली असते. कोस म्हणजे सव्वातीन किलोमीटर, निरोगी माणसाला पस्तीस-चाळीस मिनिटांची वाट. एवढ्या अंतराला रिकाम्या हाताने जायचे असेल तर पायी किंवा सायकलीवर जायचे, आणि अंतर त्याहून जास्त असेल किंवा ओझे असेल तर गाडी काढायची, असा घरापुरता नियम केला तर वर्षाला सात हजारांच्या आसपास वाचतात.

ओझे असेल तर गाडी, या शब्दांवर आम्ही मुद्दाम जोर देतो. कारण आज खेड्यात नेमके उलटे चालले आहे. रिकामा माणूस गाडीवर आणि ओझे बाईच्या डोक्यावर! गवताचा भारा, सरपण, पाण्याचा हंडा, निंदून थकलेल्या अंगाने घरी परतणे, हे सगळे अजून पायीच चालले आहे. घरात दुचाकी आली म्हणजे घराची पायपीट संपली, असे आपण समजतो. ती घरातल्या पुरुषांची संपते. इंजिन ओझ्यासाठी जन्मले आहे. तेव्हा भारा गाडीच्या मागच्या कॅरिअरला किंवा गाडीबैलात घालावा आणि धन्याने दोन हात हलवीत मागून चालत यावे. ऐकायला विनोद वाटेल, पण यातच खरी वाटणी आहे. घरधनिणीला मात्र पायी चालण्याचा सल्ला देण्याआधी तिच्या डोक्यावरचे उतरवून घ्या.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट चांगली झाली. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, आणि लांबच्या मुलींसाठी एसटीच्या वेगळ्या गाड्या सुटल्या. जालना त्या कार्यक्रमातल्या जिल्ह्यांपैकी एक. पाच किलोमीटरच्या आतल्या मुलीला सायकल आणि बाहेरच्या मुलीला बस, अशी ती योजना. अंतर पाहून वाहन ठरवणे यालाच म्हणतात. सरकारी कागदावर हे शहाणपण सुचते आणि आपल्या अंगणात सुचत नाही, हे थोडे लाजिरवाणे आहे. उलट आपण काय करतो? नववीतल्या पोराच्या हाती गाडी देतो, तीही तिघांना बसवून. २०१९ च्या कायद्याने अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचे सोडा, पोराच्या जिवाची किंमत त्याहून मोठी आहे.

अंगाचे म्हणाल तर, साखरेचा आजार हा शेठजींचा आजार, हा समज आता सोडून द्यावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचा निकाल २०२३ साली आला. देशात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी रोगी आहेत आणि खेडी त्यातून सुटलेली नाहीत. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे अंग तापेल असे चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेत कोसभर लांब असेल तर एका दिवसाच्या जाण्या-येण्यातच त्यातली सत्तर-पंचाहत्तर मिनिटे होतात. शेतकऱ्याला वेगळे फिरायला जायची गरज नाही, त्याने फक्त शेतात चालत जावे. मात्र वैशाखात सकाळी दहानंतर नको, रात्री बॅटरी आणि काठी असल्याशिवाय नको, आणि पायात बूट असल्याशिवाय तर मुळीच नको.

चाक थांबले तेव्हा

गेल्या काही वर्षांत चाक अचानक थांबण्याचे तीन प्रसंग आपण पाहिले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुरता मिटायला एप्रिल २०२२ उजाडला. आडगावच्या पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना, लेकींचे माहेरपण, सगळे काळी-पिवळीच्या भाड्यावर आले. ज्या घरात सायकल नीट होती त्या घरची शाळा तरी बुडाली नाही. नंतर २०२४ च्या १ आणि २ जानेवारीला अपघाताच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रक आणि टँकरचालक थांबले. अवघे दोन दिवस! पण मराठवाड्यातल्या पंपांवर बाटल्या घेऊन लोकांच्या रांगा लागल्या. दोन दिवसांच्या पेट्रोलावाचून गाव इतके घाबरावे, यातच सगळे आले.

तिसरा प्रसंग काळाने पहिला, आणि तो आपल्याच जिल्ह्यातून निघालेल्या माणसांचा आहे. मे २०२०. देशभर टाळेबंदी. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले वीस मजूर गावाकडे जायला पायी निघाले. भुसावळला गाडी मिळेल, ही आशा. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून त्यांनी रेल्वेचा रूळ धरला. रात्रभर सुमारे छत्तीस किलोमीटर चालले. करमाडजवळ थकून रुळावरच बसले आणि तिथेच डोळा लागला. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळावर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या, ते चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

ही माणसे पायांनी दुबळी नव्हती. भट्टीपुढे राबणारे हात आणि रात्रभरात छत्तीस किलोमीटर तोडणारे पाय होते ते. पण त्यांचे घर उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांत, शेकडो मैल पलीकडे. ते अंतर चाकाचे अंतर होते, आणि चाक कुणीतरी एका रात्रीत बंद केले. पायाच्या बळावर सगळे निभावते, असे जो म्हणतो त्याने करमाड आठवावे. मजुरी, शिक्षण, बाजार, दवाखाना जितका लांब ठेवाल तितके माणूस दुसऱ्याच्या इंजिनावर टांगले जाते. पायाने पोचता येईल इतके जे जवळ आणता येईल ते गावात आणणे हाही स्वावलंबनाचाच भाग आहे. गावात चालू असलेले उपकेंद्र, रास्त दुकान, सातवीपर्यंतची नीट शाळा, यासाठी ग्रामसभेत बोलणारा माणूस गावाचे पेट्रोल वाचवतो.

काही वेळा तर पायाने चालणे हाच घात असतो. साप चावलेल्या माणसाने चालूच नये. चालण्याने विष अंगात लवकर पसरते. त्याला धीर द्यावा, चावलेला हात-पाय हलू देऊ नये, घट्ट आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, आणि वाहनात घालून थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावे. दुसरे काही नसेल तर फटफटीवर दोघांच्या मधे धरून न्यावे. विंचवाचेही तसेच. लाल विंचू उतरवायला मांत्रिकाकडे नेण्यात तास घालवू नका. आपल्या जिल्ह्यातल्या देहेड गावचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडकडे सरकारी नोकरी करताना विंचूदंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग शोधून काढला आणि मरणारे शेकडो जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी वेळेवर पोटात गेली तरच उपयोग. बाळंतपणाला, छातीतल्या कळेला, फवारणीच्या विषबाधेलाही हेच लागू. १०८ हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. २०१४ पासून ही सेवा राज्यात आहे. आणि गावात निदान दोन वाहने अशी असावीत की ज्यांच्या टाकीत रात्री-अपरात्री पंचवीस-तीस किलोमीटरचे तेल असेलच. दिवसभर चौकाच्या खेपा घालून रात्री टाकी कोरडी, असे असेल तर त्या गाडीचा अडीअडचणीला काय उपयोग?

आपल्या लोकांचे पाय अजून गेलेले नाहीत, याचा पुरावा राजूरच्या वाटेवर मिळतो. अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांची रांग लागते. पंचवीसेक किलोमीटर. कापड दुकानदार, शाळकरी पोरे, साठीच्या आया, सगळे चालतात, आणि पहाटे दर्शन घेऊन हसत उभे असतात. जांब समर्थ तर घनसावंगी तालुक्यातच. तिथल्या नारायणाने पोरवयात घर सोडले आणि चालत नाशिकजवळचे टाकळी गाठले, असे परंपरा सांगते. पुढे रामदास होऊन त्यांनी देश पायाखाली घातला आणि गावोगाव बलोपासनेचा मारुती बसवला. आमचा प्रश्न एवढाच, की जो भाविक अंगारकीला पंचवीस किलोमीटर चालतो, त्यालाच दुसऱ्या दिवशी मळ्यात जायला किक का मारावी लागते?

पाना-पकड कोणाकडे?

स्वावलंबन फक्त चालण्यात नसते. पूर्वी औत मोडले तर सुतार-लोहार गावात होते आणि निम्मे काम शेतकरी स्वतः करी. आख ओंगणे, धाव ढिली झाली तर भिजत घालणे, शिवळ बदलणे, हे पोरासोरांना येई. आज फटफटीचा प्लग काळा पडला म्हणून ती चार किलोमीटर ढकलत नेणारे तरुण दिसतात. प्लग खोलून घासायला पाच मिनिटे लागतात! चेन ताणणे, क्लच आणि ब्रेकची तार बदलणे, एअर फिल्टर झटकणे, पंक्चर काढणे, एवढी पाच कामे घरातल्या दोन माणसांना आली पाहिजेत, आणि त्यात एक मुलगी असावी. सायकलीचे तर सगळेच घरी होते. पंप, रबराचे तुकडे, सोल्यूशन आणि तीन पाने एका डब्यात ठेवले की झाले. ट्रॅक्टर भाड्याचा असला तरी ऑईलची पातळी आणि रेडिएटरचे पाणी बघायला शिकून घ्यावे. ऐन पेरणीत चालकाची वाट पाहत बसायला लागत नाही.

राहता राहिली पाणंद. शेतरस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, रोजगार हमीची जोड देऊन. ज्या गावांनी भावकीतली अतिक्रमणे आधी समजुतीने काढली त्यांचे काम पुढे सरकते; जिथे बांध कोरण्यावरून दावे पडले आहेत तिथे फाईल हलत नाही. ग्रामसभेत ठराव घालताना दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. रस्त्याच्या एका कडेला पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलीसाठी मुरमाची दाबलेली पट्टी ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात पोरी-बायांना चिखलातून किंवा ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चालावे लागणार नाही. आणि दर पाच-सात शेतांमागे एक रुंद वळण सोडावे, इतके की समोरून ट्रॉली आली तरी भरलेली बैलगाडी बाजूला घेता यावी. दोन्ही बाजूंना नाल्या काढून त्यांच्या कडेने लिंब, करंज लावले तर भारा घेऊन येणाऱ्याला टेकायला सावली होईल. त्या झाडांची पहिली दोन उन्हाळी पाणी घालण्याची जबाबदारी ज्याचे शेत त्याची, एवढे ठरावातच नावानिशी लिहावे.